तळाची आणेवारी

"सयाजी, सोड की मोटार हिरीत. वरचं त्याल कवाच उडालं. आरशागत पानी हाय," बजाबाई म्हणाली.

"दिसतंय खरं, आक्का."

"दिसतंय तर मग हुबा का ऱ्हायलाय? आट दिस झालं, म्हशी दुसऱ्याच्या हौदावर न्हेते. तितली बोलनी म्या खाते, म्हशी न्हाय खात."

कुंभारीजवळच्या ओढ्यात आठ दिवसांमागं टँकर उलटला होता. कारखान्याच्या भट्टीत जाळायचं काळं, दाट तेल. ओढ्याला लागूनच बजाबाईची विहीर. पहिल्या दिवशी विहिरीवर तेलाची जाड साय धरली. लोकांनी कडबा टाकून, गोणपाटं बुडवून ती उचलली. राहिलेल्यावर ऊन पडलं आणि सहाव्या दिवशी पाणी निवळलं. पाहणीला आलेले साहेबही काठावरून वाकून बघून ठीक आहे म्हणून गेले. आता सयाजीनं वर काढून ठेवलेली मोटार तेवढी परत सोडायची होती. विहिरीतल्या मोटारी काढायच्या, सोडायच्या, हाच त्याचा धंदा. जोडीला निंगप्पा, तोंडानं अर्धा कानडी आणि अंगानं पुरा बैल.

सयाजी उजवा तळवा विजारीला पुसत उभा होता.

"पुसून पुसून कातडं जाईल की रं," निंगप्पा म्हणाला. रोजच म्हणायचा. कशापायी पुसतो ते सयाजीनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

त्याचं मूळ समुद्रात होतं. सोलापूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय म्हणाल तर पोटाचा.

सयाजीचा बाप गावातला आणेवारीचा पंच. पुरं पीक सोळा आणे धरायचं आणि यंदा त्यातलं किती हाती येईल ते बांधावरून सांगायचं. म्हातारा नजरेचा असा पक्का की मळणी झाल्यावरही त्याचा शब्द खाली पडत नसे. पण त्याचा एक नेम होता. जोंधळ्याला नजर, शेंगेला हात. जोंधळ्याचं कणीस वर डोलतं, भुईमुगाचं सगळं मातीखाली. तिथं झाड उपटल्याबिगर तोंड उघडायचं नाही.

ती नजर घेऊन सयाजी बोटीवर कामाला लागला. बारा वर्षांमागं समुद्रातली तेलाची विहीर फुटली तेव्हा तो तिथंच होता. रोज सकाळी अंदाज चालायचा. किती तेल उन्हानं उडालं, किती लाटांनी फोडून पाण्यात विरलं, किती बोटींनी ओढून घेतलं, किती पेटवून दिलं आणि राहिलं किती. सयाजीला पाण्याचा रंग वाचता यायचा. रुपेरी झाक म्हणजे तेल नावापुरतं, सप्तरंगी म्हणजे जरा जाड, काळं म्हणजे गच्च. तो आण्यांत सांगायचा, बोटीवरचा साहेब टक्क्यांत लिहायचा, आणि विमानातून काढलेल्या अंदाजाशी ते जुळायचं. मग साहेब यंत्राआधी सयाजीलाच विचारू लागला.

विसाव्या दिवशी समुद्र निळा झाला. उडालेलं, विरलेलं, ओढलेलं, जाळलेलं मिळून बारा आणे भरले.

"आणि चार आणे?" साहेबानं विचारलं.

सयाजीनं कठड्यावरून चौफेर बघितलं. कुठं डाग नव्हता. "त्येबी विरलं असंल की," तो म्हणाला. साहेबालाही तेच हवं होतं. तसं लिहिलं गेलं. शोध थांबला, बोटी माघारी फिरल्या.

दोन महिन्यांनी त्यांची बोट एका खाडीच्या तोंडाशी लागली. काठावर एक म्हातारा कोळी जाळं सोडवत बसला होता. जाळ्यात मासा नव्हता. नदीच्या गाळाला चिकटून तेल जड झालं होतं, तळाला बसलं होतं, आणि जाळ्यानं ते खरवडून वर आणलं होतं. म्हातारा भांडला नाही. त्यानं एक गोळा तोडला, सयाजीच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. गार गोळा मुठीत हळूहळू मऊ झाला आणि बोटांच्या फटींतनं उतरला.

सयाजी काम सोडून गावाकडं आला. तळव्याचा चिकटा काही सुटला नाही. भाकरी मोडतानाही हात चिकटल्यागत वाटायचं. निवळ, थांबलेलं पाणी दिसलं की सयाजीला वाटायचं, खालनं कुणीतरी बघतंय.

"निंगप्पा, गळ काढ," तो म्हणाला.

गळ म्हणजे विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचे लोखंडी आकडे. "बादली कुटं पडलीया?" निंगप्पा म्हणाला. "होगली बिडु मारायाऽ. सोड त्यो नाद. मोटार सोडू, जेवायला जाऊ."

सयाजीनं गळाला पांढरं धडुतं गुंडाळलं, वर दगड बांधला, तळाला सोडला आणि फरफटत ओढला. राखाडी गाळ निघाला.

"हिरीच्या तळाला गाळच असतोय," बजाबाई म्हणाली. "तितं काय तूप निगनार हाय व्हय?"

दुसऱ्या खेपेलाही गाळच. तिसऱ्यांदा त्यानं ओढ्याच्या अंगाला, झऱ्यापाशी गळ टाकला. धडुतं वर आलं तेव्हा त्यानं बघितलंच नाही, नुसतं मुठीत धरलं. ओल्या गाळात तोच चिकट गारवा होता. डोळ्यांआधी तळव्यानं ओळखला. मग त्यानं मूठ उघडली. काळं होतं.

बजाबाईनं वाकून वास घेतला.

"किती आनं हाय रं? तुजा बा असता तर सांगितलं असतं."

"बा बी उपटून बघितल्याबिगर बोलला नसता. म्या एकदा बोललो, आक्का. शेंगंला जुंदळ्यागत वरनं बघून बोललो." त्यानं धडुतं खाली ठेवलं. "आता आनं सांगत न्हाय. गाळ काढून तळ उगडा करू, मग बघू."

"किती दिस?"

"ते बी सांगत न्हाय."

"मुडदा बशिवला तुज्या नजरंचा," म्हणत बजाबाई म्हशी सोडायला गेली. दुसऱ्याच्या हौदावर न्यायच्या, बोलणी खायची. पण मोटारीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

निंगप्पानं जेवणाचा डबा परत झाडाला अडकवला आणि विहिरीवर कप्पी टांगायचा बांबूंचा घोडा उचलला.

"ओढ्याच्या अंगाला घे," सयाजी म्हणाला. "आनि गाळ ओढ्यात टाकायचा न्हाय. वर खड्डा खन, आत ताडपत्री हातर."

तळवा पुसायला विजारीकडं गेला, पण हातात आधीच दोर होता. तो विहिरीच्या पायऱ्या उतरू लागला.