कापूस म्हणायचो आम्ही त्याला

डॉक्टर म्हणाले, "ॲस्बेस्टोसिस." मी ताडकन म्हटलं, "साहेब, ते काम यांनी कधी केलंच नाय. कागद दुसऱ्या कुणाचा असंल. नीट बघा."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर मी असं तोंड वाजवलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण मी खोटं बोलत नव्हते. बोईसरच्या डॉक्टरांनीही एकदा विचारलं होतं, ॲस्बेस्टॉसचं काम केलंय का म्हणून. आम्ही नवराबायकोने छातीठोकपणे "नाय" सांगितलं आणि टीबीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी सहा महिने त्या गोळ्या खाल्ल्या. खोकला होता तिथेच.

मोठे डॉक्टर चिडले नाहीत. खुर्ची ओढून आमच्या यांच्या समोर बसले. "काका, नाव राहू द्या. सकाळी कामावर गेलात की पहिलं काय करायचात, ते सांगा."

हे म्हणाले, "जुन्या कारखान्याचं सामान मोडून उतरवायचो. बॉयलरच्या पाइपावरचा कापूस खरवडायचा, गोणीत भरायचा."

"कापूस? कसला?"

"पांढरा. पाइपाला गुंडाळलेला असतो. आगीत टाकला तरी जळत नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तोच ॲस्बेस्टॉस."

मी यांच्याकडे बघितलं. कारण तो कापूस आमच्या घरात होता.

ॲस्बेस्टोसिस म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. ॲस्बेस्टॉस हे दगडातून निघणारं खनिज. त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथेच रुततात. भोवती व्रण धरत जातो, फुफ्फुस आखडतं. याला फायब्रोसिस म्हणतात. हे व्हायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि झालं की मागे फिरत नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावून यांच्या पाठीवर ठेवला. सुका जवळा मुठीत चुरडला की जसा आवाज येतो, अगदी तसा येत होता. जवळा म्हणजे आमची बारीक कोळंबी. माझा जन्म तो वाळवण्यात गेला, त्यामुळे मी आवाज लगेच ओळखला.

स्पायरोमेट्री झाली. नळीत फुंकायचं, किती हवा मावते ते यंत्र सांगतं. एकेकाळी माझ्या माहेरी, दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर, माझ्या भावांच्या बरोबरीनं होडी ओढणारा हा माणूस तीनदा फुंकून भिंतीला टेकला. मी बाकावर बसू शकत नव्हते. जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे. नर्स म्हणाली, "बाई, एका जागी बसा की!" तिला काय सांगू? माझ्या डोळ्यांपुढे बोईसरजवळच्या सालवडचं आमचं घर होतं.

ते घर आम्ही उतरवलेल्या सामानातूनच उभं केलं होतं. वर कारखान्याचे जुने सिमेंटचे पत्रे, दोन फुटलेले. भिंत आणि पत्र्याच्या फटीत कापूस कोंबलेला, पाल येऊ नये म्हणून. आणि कापसाच्या गोण्या! हे रिकाम्या गोण्या घरी आणायचे. मी त्या अंगणात झटकायची, खाडीच्या पाण्यात बुचकळायची आणि त्यांवर जवळा वाळत घालायची. गोणी भारी मजबूत, म्हणून शेजारणींनाही वाटल्या. केवढी मी हुशार!

आणि लेक येणार होती. भारती, मनोरला दिलेली, पहिलटकरीण. सातव्याची ओटी भरली की बाळंतपणाला माहेरी यायची होती, त्याच पत्र्याखाली.

मी डॉक्टरांना पत्र्यांचं, गोण्यांचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मोडून टाकू का घर?"

"मोडू तर अजिबात नका," ते म्हणाले. "त्या सिमेंटच्या पत्र्यातही ॲस्बेस्टॉस असतं. धड पत्रा फारसा त्रास देत नाही. फुटला, घासला, कापला की धूळ उडते. ओला करा, सगळाच्या सगळा उतरवा. कोरडा झाडू मारू नका. साधा रुमाल चालत नाही, बारीक धुळीचा मास्क हवा. आणि मुलीला काम पुरं झाल्याशिवाय आणू नका."

"ओला करा" ऐकून हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मुकादम त्यांना पाणी मारूच द्यायचा नाही. म्हणायचा, "पानी मत डालो, गीला हुआ तो गोनी भारी होगी." तेवढं पाणी मारलं असतं तर! मला अजून त्या मुकादमाचा राग येतो. खोटं कशाला बोलू.

कारखान्यात जाऊन विचारलं, हा माल कुठे टाकायचा? गेटवरूनच हाकललं. मग यांच्या जुन्या टोळीतला फिटर इस्माईलभाई आला, घण घेऊन. "भाभी, दस मिनट में तोड़ देता हूँ."

"हात तर लावून बघ!" मी त्याच्यावर अशी ओरडले की कोंबड्या पळाल्या. मग त्याला बसवून सगळं सांगितलं. त्यानं घण खाली ठेवला. त्यानंही तीच धूळ खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी मास्क घेऊन आला.

इस्माईलभाईला आणि मला दहा मिनिटं नाही, चार दिवस लागले. हे वारा येतो त्या बाजूला, लांब आंब्याखाली खाटेवर बसून, अर्ध्या अर्ध्या वाक्यात सांगायचे. "पाणी मार... अजून. बोल्ट सोड... पत्रा उचल, ओढू नको." ज्या माणसानं जन्मभर ते पत्रे घणानं फोडले, तो आता एकेक पत्रा तान्ह्या पोरासारखा उतरवून घेत होता. पत्रे, कापूस, गोण्या, कामाचे जुने कपडे, सगळं ओलं करून होडी झाकायच्या जाड प्लास्टिकात गुंडाळलं. विहिरीपासून लांब खोल खड्डा खणून पुरलं. मला झाडू मारायची इतकी हुक्की यायची की तो शेजारी ठेवायला दिला. जमीन, भिंती, भांडी, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं आणि फडकीही त्याच खड्ड्यात टाकली.

मग शेजारणींकडे गेले. ॲस्बेस्टॉस आहे का विचारलं तर सगळ्यांची मान हलली, नाय. मग विचारलं, "मी दिलेली कापसाची गोणी हाय का गो?" एकीनं उशी भरली होती, एकीनं झोळी शिवली होती. मी तिथेच रडले. मग त्या सगळ्या ओल्या करून गोळा केल्या आणि त्याच खड्ड्यात पुरल्या.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी जुन्या कारखान्यातलं काही आलं असेल, तर डॉक्टर त्याचं नाव घेतील याची वाट बघू नका. तुम्ही त्याला जे म्हणता त्या नावानं सांगा. काय काम केलं, कशाला हात लावला, सगळं सांगा. माझ्याही छातीचा फोटो दर वर्षी काढतात. अजून तरी साफ आहे, पण तो हातात येईपर्यंत मी येरझारा घालते. मोठ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी खुर्ची ओढली नसती तर आम्ही अजून गोळ्याच खात असतो.

भारती आली ती नव्या कौलाखाली. दवाखान्यातून नात घरी आणली त्या संध्याकाळी ती अशी काही रडली की शेजार गोळा व्हावा. मी धावले. यांनी उशांना टेकूनच हात वर केला.

"गो, गप नको करू तिला." मध्ये थांबले, श्वास घेतला. "रडू दे जरा. दम बघ केवढा हाय पोरीचा!"

मी पुढे केलेले हात मागे घेतले आणि यांच्या शेजारी बसले. किती महिन्यांनी मी एका जागी बसले होते.