खूण केलेला ठिपका

रस्ट या संगणकभाषेत लिहिलेला माझा छोटासा प्रोग्रॅम आज पडद्यावर चालवून बघत होतो. ठिपक्यांच्या जाळ्यात एका ठिपक्यापासून निघायचं, आधी त्याचे सगळे शेजारी घ्यायचे, मग शेजाऱ्यांचे शेजारी. मधून बाहेर एकेक कडं काळं होत जातं.

ते बघताना बाबा गेले ती दुपार आठवते. बातमी घरातून अशीच निघाली होती. आधी काका, मामा, समोरचे. मग त्यांनी ज्यांना फोन केले ते. संध्याकाळपर्यंत बाबांच्या ऑफिसातले जुने लोकही दारात उभे होते.

या प्रोग्रॅममध्ये पुढं जायचा ठिपका रांगेत घातला की त्यावर लगेच 'हा झाला' अशी खूण करायची असते, नाहीतर दुसरा शेजारी त्याला पुन्हा रांगेत घालतो. म्हणजे खूण आधी होते, तिथं पोचणं नंतर. यंत्राचं त्यात काही बिघडत नाही, कारण रांग संपेपर्यंत ते थांबत नाही. माणसं मात्र थकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा मोबाइल वाजला. नाव दिसत होतं, 'बेबी'. बाबांची धाकटी बहीण, आमची नागपूरची आत्या. गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही, म्हणून ती आली नाही याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. आणि ती इतकी जवळची, की तिला कुणीतरी कळवलंच असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मी फोन उचलला.

"काय रे दादा, काल फोन नाही केलास?" ती रुसून म्हणाली.

"आत्या..." मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, "दादाला दे ना रे."