भिंत नसलेलं दार

गेवराईच्या भर पेठेत भिंतच नसलेल्या दारातून मी रोज वाकून आत जायचो, तेही एका वॉचमनमामांच्या धाकानं. इमारतीचे नुसते खांब उभे होते आणि पूजा करून बसवलेली एक बुटकी चौकट. बिल्डर तेवढ्यावरच काम सोडून गेलेला. मी मामांसाठी चहा घेऊन खांबांमधून शिरलो की मामा खेकसत, "तिकून कावून येता? दार हाय की इथं!" दसऱ्याला ते चौकटीला झेंडूचं तोरणही बांधत.

परवा चौकट चोरीला गेली. मामांनी त्या जागी दोन विटा मांडल्या. आज मी दोन्ही हातांत चहा घेऊन विटांमधून ताठ निघालो, तर मामा ओरडले, "अहो, डोकं!"

मी झटकन वाकलो. निम्मा चहा सांडला, पण डोकं वाचलं.