ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसलेला माणूस

डावं चाक चौथ्यांदा डांबरावरून खाली उतरलं आणि मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. त्याला आम्ही डबल कंट्रोल म्हणतो. एरवी तो मला नवशिक्यांसाठी लागायचा. पण स्टिअरिंगवर बसलेला उत्तम अकरा वर्षं वडवणी ते बीड काळी-पिवळी जीप चालवत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

"मास्तर, रस्ताच इकडं वळतोय," तो म्हणाला.

"रस्ता जागेवर आहे. तूच सरकतोयस."

नव्वदनंतरची ही गोष्ट. गाडीला कर्ज मिळणं सोपं झालं आणि बीडच्या स्टँडबाहेर बघता बघता जीपांची रांग लागली. माझं मोटार ट्रेनिंग स्कूल बार्शी नाक्याजवळ होतं. उत्तम माझ्याकडे आला तो टेस्ट पास व्हायला. गाडी शिकायची गरज आहे असं त्याला वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. अंबाजोगाईच्या एका ट्रस्टला रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर हवा होता. कायमची नोकरी, वर राहायला दोन खोल्या. उत्तमची मुलगी तिथंच अकरावीला होती आणि नातेवाइकांकडे राहून शिकत होती. ही नोकरी लागली की सगळं घर एका जागी येणार होतं. पण ट्रस्टच्या पहिल्या टेस्टमध्ये पठ्ठ्यानं मैदानात मांडलेले डाव्या बाजूचे तीन डबे आडवे केले. दुसरी संधी तीन आठवड्यांनी होती. तिसरी नव्हती.

मला आधी वाटलं, माज असेल. जुने ड्रायव्हर मास्तरासमोर मुद्दाम एका हातानं चालवतात. तसं काही नव्हतं. बिचारा घामाघूम व्हायचा. मग डोळे तपासून घेतले. ते त्याच्या नावाप्रमाणे उत्तमच निघाले. मेकॅनिककडून माझ्या गाडीचं स्टिअरिंग बघून घेतलं. तेही सरळ. वर मेकॅनिक मलाच म्हणाला, "मास्तर, गाडीला दोष देऊ नका."

माझा स्वभाव तापट आहे, पण एखाद्या चुकीचं कारण सापडलं नाही की राग जातो आणि मला झोप येईनाशी होते. नवशिका कधी डावीकडे चुकतो, कधी उजवीकडे. हा नेहमी एकाच बाजूला चुकायचा. मी शिंप्याकडून टेप आणली, मैदानात चुन्याची रेघ मारली आणि त्याला रेघेपासून ठरलेल्या अंतरानं गाडी न्यायला सांगितली. सहा वेळा मोजलं. दर वेळी गाडी सव्वा फूट डावीकडे. इतकी नेमकी चूक मी जन्मात पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी मी त्याच्याच जीपमध्ये बसून वडवणीला निघालो. पुढे डाव्या बाजूला मी आणि आणखी एक जण. मधे उत्तम. आणि त्याच्या उजव्या हाताला, दाराशी, पटकेवाले एक काका. काकांचं अर्धं अंग बाहेर, अर्धं उत्तमच्या खांद्यावर. गाडी भरली की ड्रायव्हर असा आत सरकतो आणि स्वतःच्या सीटवर आणखी एक पॅसेंजर घेतो, हे जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मीही शंभरदा पाहिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

एका बैलगाडीमागे जीप हळू झाली.

"काका, बघा बरं मागून कोण येतंय का," उत्तम म्हणाला.

काकांनी मान बाहेर काढून मागे पाहिलं. "ट्रक हाय. जाऊ दे त्याला."

ट्रक गेला.

"आता?"

"आता कुणी न्हाई. काढ."

पुढे उजवीकडे वळायचं होतं, तर काकांनी कुणी न सांगताच हात लांब करून इशारा दिला. मी चाटच पडलो.

"उत्तम, हे काका रोजचे आहेत का रे?"

"न्हाई हो. कोणी बी असतंय तिथं. बाजाराच्या दिवशी तर त्या जागेसाठी भांडणं."

"आणि उजवा आरसा?"

"माणसाचं डोकं लागायचं सारखं. काढून ठिवलाय."

वडवणीला उतरल्यावर मी खिशातली टेप काढली. ड्रायव्हरच्या जागेचा मध्य आणि उत्तम प्रत्यक्ष बसला होता ती जागा, यांतलं अंतर मोजलं. सव्वा फूट. स्टँडवर मी एकटाच मोठ्यानं हसलो तेव्हा चहावाला माझ्याकडे बघत राहिला.

गाडीच्या रुंदीचा जो अंदाज असतो त्याला ड्रायव्हर जजमेंट म्हणतात. ते डोळ्यांत असतं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे ते बसायच्या जागेवर ठरतं. उत्तमचं जजमेंट गाडीच्या मधोमध बसून तयार झालेलं. टेस्टला त्याला एकट्याला सीटवर बसवलं की तो सव्वा फूट उजवीकडे यायचा आणि रस्त्याच्या कडेपासून स्वतःचं जुनंच अंतर राखायचा. साहजिकच गाडी तेवढी डावीकडे जायची. आरसा बघायची आणि हात दाखवायची सवय त्याला नव्हतीच. ती कामं अकरा वर्षं पॅसेंजर करत आले होते.

मी त्याला हे सांगितलं.

"म्हंजे मला गाडी येतच न्हाई?"

"अर्धी येते. उरलेली आता शिकू. पण तोपर्यंत जीपवर उजवीकडे कुणाला बसवायचं नाही. सकाळी शिकलेलं दुपारी मोडशील."

सांगायला माझं काय जात होतं! तिसऱ्या दिवशी उत्तम सकाळी सातऐवजी सहालाच येऊन पायरीवर बसलेला.

"मालकानं जीप काढून घेतली. म्हणला, एक सीट कावून रिकामी ठिवतो? पॅसेंजर बी वरडत होते."

मला फार वाईट वाटलं. माझ्या शब्दावर माणसानं हातातलं काम घालवलं होतं, आणि टेस्टमध्ये पडला तर त्याला दोन्हीकडून नारळ. त्या दिवसापासून मी त्याला सकाळ-संध्याकाळ घेतलं. तो आत सरकू नये म्हणून त्याच्या डाव्या बाजूला वाळूचं पोतं ठेवलं. बॉनेटवर लाल कागदाची पट्टी चिकटवली. ती पट्टी आणि रस्त्याची कड यांचा मेळ घालायचा. दर वळणाला आरशात काय दिसलं ते मोठ्यानं सांगायचं. "सायकल हाय. सायकल गेली. कुणी न्हाई." पहिले चार दिवस चाक उतरतच होतं. मग कमी झालं. शेवटच्या आठवड्यात मी पोतं काढलं, पट्टी काढली, आणि माझे पाय डबल कंट्रोलवरून उचलून सीटवर मांडी घातली.

टेस्ट घेणारे साहेब फौजेतून रिटायर झालेले, कमी बोलणारे. उत्तमनं एकही डबा पाडला नाही. मी कुंपणाबाहेर उभा राहून मनातल्या मनात पेढे वाटत होतो, तेवढ्यात साहेबांनी फॉर्म भरायला घेतला.

"गाडी चालवायचा अनुभव किती?"

"सोळा दिवस, साहेब."

ट्रस्टच्या जाहिरातीत किमान पाच वर्षांची अट होती.

"इथं अकरा वर्षं लिहिलंय."

"अकरा वर्षं जीप हाकली. आरसा सोळा दिवसांपासून बघतोय. त्याच्या आधी लोकं बघायचे माझ्यासाठी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी आत धावलो आणि टेप, पोतं, काका, सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेब उठून पुन्हा गाडीत बसले.

"चल. आता भर बाजारातून."

वीस मिनिटं गेली. ती मला वीस तासांसारखी वाटली. गाडी परत आली तेव्हा उत्तमचा चेहरा पांढरा पडलेला आणि साहेबांचा होता तसाच. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि मला म्हणाले, "दहा-बारा वर्षंवाले आज सात आले होते. ह्या एकालाच आपल्याला काय येत नव्हतं ते माहीत आहे. रुग्णवाहिका त्यालाच देतो."

दिवाळीआधी उत्तमनं वडवणीचं घर अंबाजोगाईला हलवलं. मी मात्र त्यानंतर एक नियम केला: अनुभवी ड्रायव्हर शिकायला आला की आधी एक दिवस त्याच्या गाडीत पॅसेंजर म्हणून बसायचं, आणि फी नवशिक्यापेक्षा जास्त सांगायची. त्यांना राग येतो. काम खरंच दुप्पट असतं.