माईंच्या माडीवरची मंडळी

आमच्या नव्या मंडळीला अजून धड वर्षही झालेलं नाही, पण किस्से विचाराल तर आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आल्यासारखे साठलेत! चहाला चार जण बसले की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू. परवा मार्थाताई म्हणाल्या, "शांता, तू लिहून ठेव. तुला सारखी काळजी लागलेली असते, तुझ्या सगळं लक्षात राहतं." ते मात्र खरं आहे!

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या माणसांना 'मंडळी' म्हणतो. ही नवी मंडळी सुरू केली ती पाच जणांनी. नगरकडून आलेले आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, त्यांच्या बायको रूथवहिनी, सरकारी दवाखान्यातल्या नर्स मार्थाताई, रिटायर कंपाउंडर दानिएलकाका आणि एसटीच्या वर्कशॉपातले आमचे हे. मी सहावी, पण मला कोणी मोजत नव्हतं, कारण माझ्या कडेवर आमचा तान्हा सनी असायचा आणि माझं निम्मं लक्ष त्याच्यात.

जागा म्हणजे रत्नागिरीतली आमचीच भाड्याची माडी. खाली घरमालकीण माई, वर आम्ही, मधे नुसत्या लाकडी फळ्या. खाली मोहरी तडतडली तरी वर कळायचं! माईंना विचारायला मी आणि हे गेलो.

माई फुलवाती वळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "देवाचं नाव घेणार ना? घ्या. पण मासळीचा वास नको आणि गोंधळ नको. नाताळ होईपर्यंत बघते. त्रास झाला तर मंडळीही गेली आणि तुम्हीही गेलात. आधीच सांगून ठेवते हो!"

हे जिना चढता चढता म्हणाले, "देव बघेल."

देव बघेल हो! पण तान्हं मूल कडेवर घेऊन भाड्याचं घर शोधत मलाच फिरायला लागेल ना?

*

पहिली भानगड पेटीची. जयगडच्या एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांची जुनी बाजाची पेटी आम्हाला फुकट दिली. आमचे हे ती एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. आम्हाला काय आनंद! रविवारी पाळकसाहेबांनी झाकण काढलं, भाता मारला, आणि अख्ख्या माडीवर सुक्या बोंबलाचा वास सुटला!

टपावर शेजारी बोंबलाची टोपली होती म्हणे. भर उन्हात जयगडपासून रत्नागिरीपर्यंत दोघं एकमेकांना टेकून आले! गाणं जसं रंगायला लागलं तसा वास वाढायला लागला. माईंची मनी मांजर जिना चढून आली आणि पेटीसमोर शेपूट गुंडाळून बसली. आमच्या मंडळीत आलेली पहिली नवीन सभासद ती!

तिच्या मागोमाग माई. "अगो शांता, बोंबील भाजतेस की काय?"

मी सनीची शपथ घेऊन सांगितलं, चूल पेटलेलीसुद्धा नाही. दानिएलकाका माझ्या कानात म्हणाले, "या बामणीण बाईला बोंबलाचा वास कसा गो ओळखता येतो?" मी त्यांना चिमटाच काढला.

माई म्हणाल्या, "वाजवा बघू ते." पाळकसाहेबांनी भीत भीत एक सूर धरला. माईंनी पदर नाकाला लावला, पण सूर संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग खाली गेल्या आणि कापराची पुडी घेऊन आल्या. "आठवडाभर हा आत ठेवा. नाही गेला वास, तर पेटी आधी जाईल आणि तिच्या मागून तुम्ही."

गेला वास! आता आमची पेटी उघडली की देवळात आल्यासारखं वाटतं.

*

पहिलं प्रभुभोजन तर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

प्रभुभोजनात आपली पापं आठवून भाकरीबरोबर द्राक्षरस घ्यायचा असतो. रत्नागिरीत द्राक्षरस आणायचा कुठून? रूथवहिनी म्हणाल्या, "तुमच्या कोकणात ते लाल लाल कोकमाचं मिळतं ना, ते चालेल. मी आणते बाजारातून." मी सनीला अंघोळ घालत होते, "हो" म्हणून मोकळी झाले. तिथेच चुकलं.

वहिनी पडल्या देशावरच्या. त्यांना कुठे माहीत, की कोकमाचं सरबत वेगळं आणि आगळ वेगळं! सरबत साखरेचं, आणि आगळ म्हणजे नुसतं मीठ घातलेला कोकमाचा रस. सोलकढीला चमचाभर घातला तरी पुरतो. वहिनींनी भरली बाटली आगळाची आणली आणि पेल्यांत तशीच ओतली!

पाळकसाहेबांनी गंभीर आवाजात शास्त्रवचन वाचलं. सगळ्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी एकदमच पेले तोंडाला लावले.

काय सांगू! मार्थाताईंचा एक डोळा उघडेना. यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पाळकसाहेबांनी घोट गिळला, पण पुढचा शब्द काही तोंडातून फुटेना.

दानिएलकाकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं प्रभुभोजन घेतोय, पण पापाची आठवण इतकी खोलवर कधी गेली नव्हती!"

*

मला सगळ्यात भीती सनीच्या रडण्याची. गोंधळ नको, असं माईंनी बजावलेलं, आणि हा पोरगा रडायला लागला की भगवती बंदराहून बोटी परत फिरतील! प्रवचन सुरू झालं की मी एका हातात बाटली, एका हातात खुळखुळा, आणि नजर त्याच्या ओठांवर. खालचा ओठ बाहेर आला की मी जिन्याकडे धावलेच.

एका रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं. विषय होता 'जागे राहा'. सनीने एकदा ओठ काढला, पाळकसाहेबांकडे बघितलं, जांभई दिली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. इतका गाढ तो घरीही कधी झोपत नाही!

मी खुशीने मागे वळून मार्थाताईंना खूण केली. मार्थाताईही झोपलेल्या. नाइट ड्यूटी करून आलेल्या बिचाऱ्या. त्यांच्या शेजारी आमचे हे. यांची कसली नाइट ड्यूटी?

उपासना झाल्यावर पाळकसाहेब उत्साहाने म्हणाले, "आज काय शांततेत ऐकलं हो सगळ्यांनी!"

रूथवहिनी म्हणाल्या, "अहो, पुढच्या रविवारी उशा आणायला सांगते."

*

नाताळ जवळ आला आणि आम्हाला चढलं वारं. कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गात घरोघर जायचं! आता रत्नागिरीत आमची घरं मोजकी, ती पण चार दिशांना. संध्याकाळी निघालो. यांच्या खांद्यावर पेटी, दानिएलकाकांच्या हातात कागदाचा तारा, माझ्या कडेवर सनी. पाळकसाहेब पुढे. त्यांना रस्ता माहीत नाही, पण पुढे तेच!

एका आळीत एका अंगणात दिवे लागलेले, सतरंजी घातलेली, माणसं बसलेली. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, आपली वाट बघतायत!" आम्ही आत शिरलो. यजमान हात जोडत पुढे आले, "या, या! बसा, पेटी इथे ठेवा." कुणी पाणी दिलं, कुणी पान पुढे केलं. मला वाटलं, काय प्रेमळ ख्रिस्ती कुटुंब आहे! एवढ्यात कोपऱ्यातल्या चौरंगाकडे माझी नजर गेली. केळीचे खुंट, कलश, प्रसादाचा शिरा. सत्यनारायण!

मी यांना कोपराने ढोसलं. पण तोवर पाळकसाहेबांनी डोळे मिटून गाणं सुरू केलेलं! मग काय, आम्हीही म्हटलं. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर अंगणात खरं भजनी मंडळ येऊन उभं! मला तर सनीला घेऊन विहिरीच्या आड लपावंसं वाटलं.

यजमान एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा आमच्याकडे. पाळकसाहेब उठून माफी मागायला लागले. तर मंडळाचे बुवा म्हणाले, "उठू नका, उठू नका! आमचा पेटीवाला आलाच नाही. तुमचं होऊ दे, मग पेटी आणि पेटीवाला दोन्ही आम्हाला द्या."

त्या दिवशी पाळकसाहेब भजनाला पेटी वाजवून, शिरा खाऊन उशिरा घरी आले. म्हणतात, पेटीच्या काळी चार पट्टीत बुवांचा सूर फार छान लागतो!

*

इतकं सगळं झालं, तरी माईंच्या मनात काय आहे ते कळेना. भेटल्या की सनीचा गाल ओढायच्या, पण माडीबद्दल चकार शब्द नाही. शेवटी नाताळच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांना विनंती केली, की माडी राहावी म्हणून प्रार्थना करा. दानिएलकाका प्रार्थनेला उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

काकांचा आवाज चांगलाच चढला. "हे प्रभू, तू कठीण खडक फोडून पाणी काढलंस! तर मग या माईंचं मन काय मोठं? ते मऊ कर, प्रभू! या बाईला या लेकुरवाळीची दया येऊ दे, प्रभू! तिला कळू दे, की आम्ही गोंधळ घालणारी माणसं नाय!"

"आमेन!" आम्ही सगळे ओरडलो आणि डोळे उघडले.

दारात माई! हातात सनीसाठी आणलेली नाचणीच्या सत्त्वाची वाटी.

काका मटकन खालीच बसले. माईंनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझं मन आहे तसं ठीक आहे हो. तुमचा देव बहिरा आहे की काय, एवढं ओरडायला?"

आणि गेल्या खाली!

*

नाताळ झाला. माई गप्प. मी धीर सोडला. भांडी पोत्यात भरून ठेवली, सनीचा पाळणासुद्धा सोडला. हे म्हणाले, "अगं, अजून त्यांनी सांगितलंय कुठे?" म्हटलं, "सांगितल्यावर भरायला वेळ मिळाला नाही तर?"

नाताळनंतरच्या रविवारी कॅरलला गेलो होतो त्या घरांतलीही माणसं जमली. अख्खी माडी भरून जिन्यापर्यंत! आणि मला तर आनंदापेक्षा धडकीच जास्त. मी एकेकाला गाठून सांगितलं, "आज हळू म्हणा हो, पाया पडते, आज अगदी हळू." पाळकसाहेबांनी पेटीचा भाता दोन बोटांनीच हलवला. आम्ही कुजबुजल्यासारखं गायला लागलो. पहिलं कडवं झालं. भीतीने कुणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, आम्ही सगळे थेट तिसऱ्यावर गेलो.

फळ्यांखालून माईंचा आवाज आला, "थांबा!"

पेटी थांबली. माझा हात सनीच्या तोंडावर गेला.

"दुसरं कडवं कुठे गेलं? आणि जरा मोठ्याने म्हणा की हो, मला स्वयंपाकघरात ऐकू येत नाहीय!"