सिस्टर दारावर टकटक करतात

सिस्टर भेटल्या की "कशी आहेस" असं विचारत नसत. सरळ मनगट धरत. आपण आपले सांगत असायचो की काल कढी फाटली, आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. अर्ध्या मिनिटानं हात सोडून म्हणायच्या, "अठ्ठ्याऐंशी. चहा कमी कर." अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये दहा-बारा मराठी घरं होती आणि त्या सगळ्या घरांच्या नाड्या सिस्टरांना पाठ होत्या. हात दिसला की धरला, एवढा साधा कारभार.

खरं तर त्या वानखेडे काकू. पण नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी वॉर्डची मुख्य म्हणून, त्यामुळे काकू हे नाव त्यांना चिकटलंच नाही. वानखेडे काका जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करणारे प्रोग्रॅमर. दोन हजार साल लागताना कॉम्प्युटर तारखा चुकवतील या भीतीच्या गडबडीत त्या लोकांना अचानक भाव आला, तेव्हा ते इकडे आले. काका भला माणूस. आवाज चढवून बोललेले कुणी ऐकले नाहीत. मात्र घरातले निर्णय जेवताना जाहीर व्हायचे. "आपण अमेरिकेला चाललोय." "आपण शॉमबर्गला चाललोय." आणि सिस्टर पोळी वाढता वाढता "बरं" म्हणायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, तेही तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

ग्रीनकार्ड आल्यावर त्यांनी पुन्हा नर्स व्हायचं ठरवलं. वय अठ्ठेचाळीस. ज्या संस्थेत त्या शिकल्या ती केव्हाच बंद पडलेली, मार्कांचे कागद कुणाकडे मागायचे तेही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे पाटी कोरी. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग होतं, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगानं. आधी रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, जीवाणूशास्त्र असे विषय घ्यायचे, त्यात उत्तम ग्रेड आणायची, वर एक प्रवेशपरीक्षा, आणि नर्सच्या मदतनिसाचं सर्टिफिकेट. हे सगळं फेब्रुवारीच्या आत जमा झालं तर अर्ज, नाहीतर बसा वर्षभर. सिस्टरांच्या हिशेबात वर्षभर बसणं नव्हतं. "पन्नाशीनंतर मला कोण घेणार गं?" असं त्या म्हणायच्या आणि वही उघडायच्या.

मी त्यांची ड्रायव्हर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, कामाची परवानगी नाही, दिवसभर घरात. मला कुठेतरी जायला निमित्त हवं होतं आणि सिस्टरांना गाडी येत नव्हती. शरीरशास्त्राच्या पहिल्या तासाला मी मागे बसून पाहिलं. सर वर्गात आले आणि वर्गात एकट्या सिस्टर उठून उभ्या राहिल्या. सरांना वाटलं बाई निघाल्या. त्यांनी अदबीनं दार उघडून धरलं. सगळा वर्ग वळून बघतोय, दार उघडं, आणि सिस्टर आपल्या उभ्या, सर "बसा" म्हणेपर्यंत. पुढे पुढे सरच त्यांच्याकडे बघून हातानं बसायची खूण करत आणि मग शिकवायला सुरुवात करत. त्या विषयात सिस्टरांना ए मिळाला. बाकीच्या दोन्हींतही. प्रवेशपरीक्षाही पार पडली.

रडूबाईपणाचा त्यांना मनस्वी राग. माझ्या सासूबाईंचा फोन झाला की माझे डोळे भरायचे, सिस्टर म्हणायच्या, "रडायचं ते ड्युटी संपल्यावर." मी म्हटलं, माझी कसली आली ड्युटी? "भाजी गॅसवर आहे ना? ती उतरव, मग रड." भाजी उतरवेपर्यंत रडू निघून जायचं. हा त्यांचा नेमका डाव असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

राहता राहिलं मदतनिसाचं सर्टिफिकेट. त्याची आम्हाला काळजीच नव्हती. कोर्स झाला होता, फक्त प्रात्यक्षिक परीक्षा उरली होती. पेशंटचं अंग पुसणं, कपडे बदलणं, चादर बदलणं. ज्या बाईनं एकोणीस वर्षं हेच केलं आणि शेकडो मुलींना शिकवलं, तिची परीक्षा! मी तर परतताना खायला म्हणून गाडीत पेढे नेले होते.

तासाभरानं सिस्टर बाहेर आल्या. गाडीत बसल्या, पट्टा लावला. आम्ही दोन सिग्नल पार केले. मग म्हणाल्या, "नापास."

झालं होतं ते असं. खाटेवर एक बाई पेशंट म्हणून झोपलेली, बाजूला परीक्षक हातात यादी घेऊन. सिस्टर आत शिरल्या, हात धुतले, आणि चार मिनिटांत त्या बाईचं तोंड-हात पुसून, कपडे बदलून, कुशीवर वळवून मोकळ्या झाल्या. कुठे धक्का नाही, कुठे ओढाताण नाही. ती बाई स्वतः म्हणाली की इतक्या हलक्या हातानं मला कुणी वळवलं नव्हतं. पण यादीतल्या पहिल्या चारही चौकोनांत परीक्षकानं फुली मारली होती. आत येताना दार वाजवलं नाही. नाव सांगितलं नाही. पडदा ओढला नाही. आणि हात लावण्याआधी विचारलं नाही.

"चाळीस खाटा असायच्या माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "एकेकाला विचारत बसले असते तर सकाळचं स्पंजिंग संध्याकाळी झालं असतं."  घराशी पार्किंगमध्ये गाडी उभी केली तेव्हा म्हणाल्या, "आता ड्युटी संपली," आणि पदर नसल्यामुळे जॅकेटच्या बाहीत तोंड घालून रडल्या. मी पेढ्यांचा डबा सीटखाली सरकवला.

पुन्हा परीक्षा देता येत होती, पण अर्जाच्या मुदतीआधी एकच तारीख उरली होती, तीन आठवड्यांनंतरची. तीही हुकली तर ते सगळे ए वर्षभर फ्रिजमध्ये. मग आमची तालीम सुरू झाली. मी पेशंट आणि मीच परीक्षक. आमच्या सोफ्यावर मी आडवी व्हायचे, हातात यादी. सिस्टरांनी बाहेर जायचं, दार वाजवायचं, "गुड मॉर्निंग, मी तुमची आजची नर्सिंग असिस्टंट" असं म्हणायचं, काल्पनिक पडदा ओढायचा आणि "तुमचं तोंड पुसू का?" असं विचारायचं. पहिला आठवडाभर बाईंनी एकदा दार वाजवलं असेल तर शपथ. आल्या की माझी हनुवटी धरून पुसायला सुरुवात.

"सिस्टर! फेल!"

"काय फेल? तोंड स्वच्छ झालं ना?"

"विचारलं नाही."

"अगं, ज्याला ताप आहे त्याला काय विचारायचं? तो नाही म्हणाला तर काय तसाच सोडू?"

दुसऱ्या आठवड्यात दार वाजवायला लागल्या, पण विचारण्यात आणि पुसण्यात श्वासभराचंही अंतर नसायचं. प्रश्न संपायच्या आत फडकं गालावर. मी म्हटलं, सिस्टर, उत्तराची वाट बघायची असते. त्या म्हणाल्या, "वाट बघायची हे यादीत कुठे आहे?" तेही खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात मला सपाटून फ्लू झाला. नवरा कामावर, बाहेर गुडघाभर बर्फ, मी ब्लँकेटखाली. दुपारी दार वाजलं. आमच्या दाराला दिवसा कडी नसे आणि सिस्टर कायम हाक मारत आत यायच्या. मी "या" म्हटलं तरी दार उघडेना. मग बाहेरून आवाज आला, "मी आत येऊ का?" आल्या. कोमट पाण्याचं पातेलं, आपला जुना मऊ पंचा. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अनघा, तुझं तोंड पुसू का?" आणि थांबल्या. पंचा हातात तसाच, त्यातून पाणी पातेल्यात ठिबकतंय, आणि सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. परीक्षा नव्हती, यादी नव्हती. त्या खरंच वाट बघत होत्या.

मला रडू कोसळलं. तापानं असेल, पण तेवढ्यानंच नाही. मी कुठली शाखा घ्यायची, कुठल्या मुलाला हो म्हणायचं, नोकरी सोडून इकडे कधी यायचं, हे सगळं मला सांगितलं गेलं होतं. प्रेमानंच सांगितलं होतं. विचारलंही असेल, पण उत्तर येईपर्यंत कुणी असं थांबलेलं मला आठवेना.

"काहून रडून राहिली?" सिस्टर म्हणाल्या. मी मान हलवली. हो, पुसा. त्यांनी कपाळापासून सुरुवात केली. गाल, मान पुसून झाली. मग म्हणाल्या, "एक म्हातारी होती माझ्या वॉर्डात. खिडकीजवळची खाट. मी स्पंजिंगला गेले की ती पदर ओढून तोंड झाकून घ्यायची. रोज. मला वाटायचं तिला उजेडाचा त्रास होतो. मी वॉर्डबॉयला सांगून खिडकीला कागद लावून घेतला होता गं." पंचा पिळला, पुन्हा भिजवला. "परवा यादीतली पडद्याची ओळ पाठ करता करता ती आठवली. इतक्या वर्षांनी."

पंचा पातेल्यात ठेवून त्यांनी बाहीनं डोळे टिपले. गॅसवर कसली भाजीही नव्हती की उतरव म्हणावं.

पुढच्या शनिवारी सिस्टर पास झाल्या. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला, आणि एप्रिलमध्ये कॉलेजचं जाड पाकीट आलं. प्रवेश मिळाला होता. त्या पाकीट घेऊन आमच्याकडे आल्या, दार वाजवलं, आणि मी दार उघडल्यावर सरळ माझं मनगट धरलं. पण त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. नुसत्या धरून राहिल्या.

सिस्टर पुढे ते दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण करून नर्स झाल्या, हे मी आताच सांगून टाकते. मी तोवर दुसऱ्या गावी गेले होते. त्यांचा फोटो पाहिला तो पोस्टानं आलेला. पण मला विसरता येत नाही ते त्या पाकिटानंतरचे पंधरा दिवस.

कारण पाकीट आलं त्याच आठवड्यात काकांच्या कंपनीतलं काम संपलं. दुसरं मिळालं ते फ्रीमाँटला, देशाच्या पार त्या टोकाला. जेवताना काका म्हणाले, "आपण फ्रीमाँटला चाललोय." सिस्टर "बरं" म्हणाल्या. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या जुन्या वर्तमानपत्रांत वाट्या गुंडाळत होत्या.

"आणि अ‍ॅडमिशन?"

"तिकडेही कॉलेजं असतीलच ना."

"तिकडचे विषय वेगळे, नियम वेगळे. पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, सिस्टर. तुम्हीच म्हणाला होतात, पन्नाशीनंतर..."

"ती पिशवी दे इकडे," त्या म्हणाल्या. ड्युटीवर असल्यासारख्या. मला त्यांचा भयंकर राग आला, काकांचा त्याहून. मी पिशवी दिली आणि घरी आले. दोन दिवस गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. काका. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे एकटे कधी आले नव्हते. हातात एक छोटी वही आणि पेन. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"काल मी तिला विचारलं," ते म्हणाले, "तुला काय करायचंय म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असेन, म्हणून तिला बहुतेक उत्तर सुचेना. मी थांबलो. ती उठली, बांधलेली खोकी सोडली आणि सगळ्या भांड्यांचे दोन ढीग करत बसली. एक मोठा, एक लहान. लहान ढिगात एक कुकर, एक ताट, एक वाटी."

 काकांनी वहीचं पहिलं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, अगदी परीक्षेला बसल्यासारखं विचारलं,

"अनघा, तुला वेळ असेल तर सांगशील का, भाताला किती शिट्ट्या?"