भावोजी आणि मागच्या नळीचा धूर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला देवाने जे नाक दिलं होतं, तसं मालवणपासून सावंतवाडीपर्यंत दुसऱ्या कुणाला दिलं नसावं. आणि दिलं असलंच, तर त्या माणसाने ते मोटारीच्या मागच्या नळीला लावण्यात आयुष्य घालवलं नसावं. भावोजींनी घालवलं. लोक आंब्याचा वास घेतात, बाजारात सुरमईचा कल्ला उघडून घेतात. भावोजी रस्त्यात दिसेल त्या गाडीमागे उकिडवे बसत, हाताने धूर नाकाकडे ओढत, डोळे मिटत आणि वैद्याने नाडी बघून बोलावं तसं बोलत. निळा धूर आणि जळक्या तेलाचा वास आला की, "रिंगा गेल्यो. इंजिन तेल पिता." काळा धूर आणि नाक झोंबवणारं पेट्रोल असलं की, "हेका खावक जास्ती देतस रे, कार्ब्युरेटर बघ." आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर हटेना, तर ते "गॅसकेट फुटला, पाणी आत शिरता" हे अशा आवाजात सांगत की गाडीचा मालक नकळत डोक्यावरची टोपी काढी.

इथपर्यंत कुणीही विश्वास ठेवील. पण मिठबावच्या किनाऱ्यावर उभं राहून, देवगडात कुणाच्या गाडीचा क्लच जळतोय हे त्यांनी वाऱ्यावरून ओळखलं होतं, हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसोत. वारा त्या बाजूचा होता. खुद्द त्यांच्या लग्नात होमाचा धूर मांडवभर झाला, सगळे डोळे पुसत होते, आणि नवरदेव भटजींकडे वाकून म्हणाले, "भटजीनू, मिक्श्चर जास्ती झाला. तूप कमी करा." शेजारी बसलेली ताई मुंडावळ्यांच्या आड इतकी हसली की सासरच्या बायका वर्षभर तिला 'हसरी' म्हणत होत्या.

त्यांची स्वतःची, भाड्याने फिरणारी गाडी लढाईच्या आधीची, विलायती, वर कॅनव्हासचं छप्पर असलेली. हे सगळं गोवा अजून फिरंग्यांकडे होता तेव्हाचं. गाडीचं मागचं डावं दार बिघडलेलं होतं आणि ते सुंभाने आवळून बांधलेलं असे. त्या गाठीला समुद्राच्या हवेने दगडपण आलं होतं आणि ती कुणी सोडलेली मी कधी पाहिली नव्हती. या गाडीत काही दोष असू शकतो हे भावोजींना मान्य नव्हतं. रोज सकाळी मागे जाऊन ते नळीचा वास घेत आणि कौतुकाने म्हणत, "बघ, धूर कसो कमी! तरण्या पोरासारखा इंजिन आसा."

सावंतवाडीच्या वाटेवर एक लांब चढण होती. चढण संपली की वळण, वळणावर ऐनाचं झाड, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड. तिथला देवचार म्हणजे त्या रस्त्याचा राखणदार. येणाराजाणारा ड्रायव्हर गाडी थांबवून एक पेटती विडी दगडावर ठेवी, "बा राखणदारा, लेकरांक सांभाळ" असं गाऱ्हाणं घाली, बाकीचे खाली उतरून "व्हय महाराजा" म्हणत, आणि मगच गाडी पुढे जाई. पण भावोजींच्या गाडीवर या देवचाराची खास मर्जी दिसत होती. चढण अर्धी झाली की मागे बसलेल्यांची डोकी जड होत, कानात कुणीतरी काठी टेकत चालल्यासारखे ठोके पडत, पाय गार पडत. बोलकी माणसं गप्प होत. वळणावर उतरलं, विडी ठेवली, जरा उभं राहिलं की सगळं उतरे. कट्टा गावच्या एका म्हाताऱ्याने तर शपथेवर सांगितलं, "माझ्या मांडयेर कोणतरी बसलेलो!" हळूहळू गाडीचं नाव असं झालं की मागे बसणारी माणसं घरून निघतानाच देवाला नारळ सांगून येत. भावोजी हसत. "देवचाराक काय, सगळ्यांत बरी गाडी ओळखता," म्हणत. विडी मात्र ते न चुकता ठेवीत.

एकदाच ठेवली नाही.

आमची आई सावंतवाडीला आजारी होती, म्हणून ताईला घेऊन आम्ही निघालो. भर श्रावण. पाऊस असा की रस्ता आणि ओहोळ यांत फरक राहिला नव्हता. छपराचे बाजूचे पडदे गच्च बटणं लावून बंद केलेले. मी पुढे भावोजींच्या शेजारी, त्यांच्या बाजूचा पडदा हात बाहेर काढण्यापुरता उघडा. मागे ताई एकटी. चढण सुरू झाली, गाडी कण्हू लागली, मागची बडबड थांबली. वळण आलं. भावोजींनी ऐनाकडे बघून ओरडून सांगितलं, "देवचारा, विडी भिजतली! उद्या देतंय रे!" आणि गाडी न थांबता वळली.

मी मागे पाहिलं. ताई मान टेकून झोपली होती. तिचे गाल कधी नव्हेत इतके गुलाबी झाले होते आणि ती झोपेत हसत होती. मला ते हसू आवडलं नाही. मी हाक मारली. उत्तर नाही.

"निजांदे तिका," भावोजी म्हणाले, "रातभर आवशीच्या काळजीन जागली हा."

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला आणि पावसाचा सपकारा माझ्या मानेवर आला. मागचं डावं दार उघडून वाऱ्यावर आपटत होतं. ताई कलंडून अर्धी बाहेर लोंबत होती आणि पाऊस तिच्या तोंडावर कोसळत होता.

गाडी कशी थांबली मला ठाऊक नाही. आम्ही तिला उचलून लाल चिखलात, झाडाखाली आडवी केली. जगातल्या सगळ्या धुरांची नावं ठाऊक असलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून एकच वाक्य म्हणत होता, "गो, जागी आसस मां? गो, जागी आसस मां?" असं किती वेळ चाललं कोण जाणे. मी तिच्या नाकाशी हात धरायला घाबरत होतो. आणि मग ती पुटपुटली, "आसंय."

जरा वेळाने डोळे उघडून तिने इकडेतिकडे पाहिलं. "तो म्हातारो खंय गेलो?"

"कोण म्हातारो?"

"माझ्या बाजूक बसलेलो तो. सुंभ सोडी होतो. माका म्हणालो, चेडवा, भायर तोंड काढ."

भावोजींनी तिच्या पदराचा वास घेतला. उठून ते गाडीकडे धावले. त्यांनी मागची सीट उपटून फेकली. खालची फळी कुजून भोक पडलं होतं, आणि भोकाच्या बरोबर खाली नळीला ही एवढी चीर. टोकाशी धूर कमी होता, कारण मधल्या मध्ये तो गाडीत शिरत होता. वर्षभर माणसं धूर पीत होती आणि वळणावर उतरून, हवा खाऊन बरी होत होती. "माझ्याच गाडयेचो वास माका येवक नाय," भावोजी म्हणाले. "रोजचो झालो मां."

निदान झालं. धुराने माणसाला भास होतात, हेही त्यांनी मला समजावलं. पण सुंभ सीटवर पडलं होतं, अख्खं, गाठ नीट सोडवलेलं. ते उचलून त्यांनी नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि खिशात घातलं.

"कसलो वास?" मी विचारलं.

"तुका कित्या व्हयो?" ते म्हणाले. मरेपर्यंत सांगितलं नाही.

आई त्या दुखण्यातून उठली. नळी जोडली गेली, खाली फणसाची फळी बसली. भावोजींनी लोकांच्या गाड्या हुंगणं सोडलं. गाडी चालवताना दर वळणाला मात्र मान न वळवता विचारत, "गो, जागी आसस मां?" आणि मागून येई, "आसंय." पुढे गाडी विकली, एस.टी. सुरू झाली, तरी पुरुषांच्या बाकावरून बायकांच्या बाकाकडे तोच प्रश्न. सगळी गाडी हसे. एकदा ताईने गंमत म्हणून उत्तर दिलं नाही, तर त्यांनी घंटेची दोरी ओढून गाडी थांबवली आणि कंडक्टरच्या अंगावरून उडी मारून तिच्याजवळ गेले. त्यानंतर ताई झोपेतसुद्धा उत्तर द्यायला शिकली.

भावोजींना जाऊन आता बराच काळ झाला. परवा तिच्याकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झाल्यावर ती पडवीत चटईवर लवंडली, मी वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलो. कुणी काही बोललं नव्हतं. माडही हलत नव्हते. आणि झोपेत, मान जराशी वळवून, ती म्हणाली, "आसंय."